नानामामांनी तुमच्या हाताला काय शिकवलं? आपापले अनुभव लिहा

नानामामांना जाऊन वर्ष होत आलं. तेरवीच्या दिवशी नागपुरातल्या महाल भागातल्या त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मोतीबाग रेल्वे कारखान्यातले जुने लोक होते, पेटी शिकून गेलेल्या मुली होत्या, नागभीडकडून नाटकवाले आले होते, गल्लीतली बडग्या (मारबतीच्या मिरवणुकीतला पुतळा) बांधणारी पोट्टी पंगतीत वाढत होती. मी पाणी घेऊन फिरत होते आणि कानावर पडेल ते ऐकत होते. कारखान्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं की हा माणूस हिवाळ्यात रात्र रात्र पेटीवर बसायचा. पेटीच्या मुलींना ठाऊक नव्हतं की त्यांच्या नानाकाकांची सगळी नोकरी लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) झाली. माझी आई त्यांची सख्खी धाकटी बहीण, पण त्यांना चपला शिवता येत होत्या हे तिलाही त्या दिवशीच कळलं.

म्हणून सगळ्यांना लिहायला बोलावते आहे. नानामामा मनानं किती मोठे होते ते आपल्याला माहीतच आहे, तेही लिहा, मला वाचायला आवडेल. पण त्याहून जास्त मला त्यांचं कसब हवं आहे. त्यांनी कधी वही केली नाही. शिकवायची त्यांची रीत एकच: हातातली वस्तू पुढे करायची आणि म्हणायचं, "धर." त्यामुळे त्यांना जे येत होतं ते आता तुमच्या-आमच्या हातांत वाटलं गेलेलं आहे. ते एका जागी यावं एवढीच इच्छा. जसं बोलता तसं लिहा.

सुरुवात मीच करते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, गल्लीत ज्याच्याकडे लाकडी नंदी नसेल त्या पोराचा नंदी नानामामा करायचे. सागवान वगैरे काही नाही, सामानाच्या खोक्यांच्या फळ्या. मी सहावी-सातवीत असताना सुट्टीभर त्यांच्याजवळ बसायची. त्यांनी मला पहिल्यांदा लाकडाच्या रेषा पाहायला शिकवलं. शिंगं धडाबरोबर एकाच फळीतून कापायची नाहीत, कारण तिथे रेषा आडव्या येतात आणि नंदी एकदा पडला की शिंग गेलंच. शिंगाचा तुकडा वेगळा घ्यायचा, रेषा मुळाकडून टोकाकडे जातील असा कापायचा, मग डोक्यात भोक पाडून सरसानं बसवायचा. पायांचंही तसंच. रंग लावण्याआधी पॉलिशपेपर घासला की पाण्याचा हात फिरवायचा, वाळू द्यायचं, उभे राहिलेले तंतू परत घासायचे. त्या नंदीवर मग बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही. बोजारा (पोळ्याचे खाऊ-पैसे) मागायला पोरं घरोघर निघाली की आपल्या हातचा नंदी कोणता ते मी लांबून ओळखायची. आता माझ्या मुलासाठी करते, शिंगं अजून एकदाही मोडली नाहीत.

मोतीबागेतला जोडीदार

मी आणि नाना शेजारशेजारच्या लेथवर होतो. छोट्या लाइनचा, म्हणजे नॅरो गेजचा, कारखाना आमचा. इंजिनाचे, डब्यांचे बुश, पिना, वॉशर, सगळं आमच्या हातून जायचं. पुष्कळदा कंपनीचा सुटा भाग मिळायचाच नाही, जुना समोर ठेवायचा आणि तसाच नवा करायचा.

नाना नवीन पोराला पहिले काही दिवस कॅलिपर हाती देतच नसे. म्हणे, "आधी बोटानं सांग, मग मोज." पोट्टं पितळेचा बुश हातात फिरवून आकडा सांगायचं, मग नाना कॅलिपर लावायचा. हसायचा नाही, रागवायचा नाही, फक्त खरा आकडा सांगायचा. दोन-तीन महिन्यांत त्या पोराच्या बोटांना अक्कल यायची. ह्या कारखान्यात असे किती टर्नर तयार झाले त्याचा हिशेब कोणाजवळ नाही.

दुसरी गोष्ट त्यानं मला शिकवली, आणि मी पुढे सगळ्यांना शिकवली. कापून कापून जॉब (लेथवरचा तुकडा) तापला असला की मोजायचा नाही. धातू तापला की फुगतो, त्यातही पितळ लोखंडापेक्षा जास्त. गरम असताना माप बरोबर भरलं म्हणून काढून घेतला, की थंड झाल्यावर दोन थौ (थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी. मग तो बसतो ढिला आणि खडखडतो. घाईच्या दिवशी साहेब डोक्यावर उभा असायचा, तरी नाना जॉब बाजूला ठेवून बिडी... नाही, बिडी तो पीत नव्हता, सुपारी कातरायचा. सुपारी कातरून होईस्तोवर जॉब निवायचा.

आता भाचीबाईंच्या आईसाहेबांना जे माहीत नव्हतं ते. माझे वडील 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरी विजयादशमीला दुसरं काही नसतं, दीक्षाभूमीच. एका वर्षी नाना म्हणाला, "मी आलो तर चालेल का?" मी म्हटलं, चल. तिथे त्यानं पाहिलं की लांबलांबून आलेली माणसं स्टेशनवरून पायी येतात, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोरगं, आणि कोणाची चप्पल तुटलेली, कोणाच्या पिशवीचा बंद गेलेला. पुढल्या वर्षी तो आरी, मेणाचा दोरा, पक्कड असं सगळं घेऊन आला. रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकलं. तो चपला आणि बॅगा पाहायचा, मी सायकलींचे पंक्चर काढायचो. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरलेलं. दसऱ्याला हत्यारं पूजेत ठेवायची रीत आहे. घरातून कोणी तसं म्हटलं तर नाना म्हणे, "आज त्यांची पूजा तिकडे होते."

आरी चालवायला त्याला मीच शिकवलं, हे लिहून ठेवतो. माझ्या आज्याचं काम होतं ते. नाना माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि चुकलं की परत उसवून शिवलं. चप्पल शिवून देताना एकच विचारायचा, "दादा, यंदा कोणतं पुस्तक घेतलं?" लोक पिशवीतून पुस्तकं काढून दाखवायचे. संध्याकाळी आम्ही पण दोन-चार घेऊन घरी. त्याच्या कपाटात खालच्या फळीवर बाबासाहेबांची जी पुस्तकं आहेत ती त्या दिवसांची आहेत.

धाकटी सून

मी पुण्याची. लग्न होऊन नागपुरात आले ती एप्रिलमध्ये. मेचा महिना काय असतो ते कोणी सांगून कळत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी रस्ते ओस, आणि नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागला की रात्रीसुद्धा भिंती गरम.

बाबांनी मला पहिल्याच आठवड्यात कूलर समजावून सांगितला. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा गार होते. म्हणजे बाहेरची कोरडी हवा आत ओढली गेली पाहिजे आणि आतली ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. मी पुण्याच्या सवयीनं दारं-खिडक्या लावून बसायची आणि खोली चिकचिक व्हायची. बाबांनी समोरची खिडकी चार बोटं उघडून दिली. दहा मिनिटांत फरक. पाऊस लागला की पंप बंद, नुसता पंखा, कारण हवाच ओली असते तेव्हा पाणी उडणार कुठे?

पण ह्याहून महत्त्वाचं सांगते. होळी झाली की बाबा टेस्टर आणि पान्हा घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी जायचे. जुन्या गवताच्या ताट्या काढायच्या, टाकी घासायची, पंप पाहायचा, हे तर होतंच. खरं काम अर्थिंग तपासायचं. लोखंडी कूलर, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पोरं. दर उन्हाळ्यात शहरात कूलरचा शॉक लागून कोणीतरी जातं, बातमी येते. बाबांचा नियम होता: बटण बंद करून चालणार नाही, प्लग काढून हातात घ्यायचा आणि मगच पाण्याची बादली उचलायची. तीन पिनांचा प्लग आणि तिसऱ्या पिनेला खरोखर तार जोडलेली आहे की नाही ते उघडून पाहायचं. मोठ्या मुलाला त्यांनी हे पाठच करून घेतलं होतं. ह्या वर्षी होळीनंतर तो आणि मी दोघं गल्लीत फिरलो. लोकांनी दारं उघडून ठेवली होती, जणू ठरलेलंच होतं.

रोडग्यांबद्दल (गोवऱ्यांवर भाजायच्या जाड रोट्या) ताई लिहिणार असतील म्हणून मी फक्त एवढंच लिहिते: कणीक जाडसर, आत तेल लावून थर, आणि गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसून नुसते इंगळ राहिल्याशिवाय रोडगा आत टाकायचा नाही. घाई केली तर वरून कोळसा आणि आत कच्चा पीठगोळा.

पेटीची विद्यार्थिनी

मी नानाकाकांकडे आठ-नऊ वर्षं गेले. गाणं शिकवणारे नागपुरात पुष्कळ आहेत, पेटी उघडून दाखवणारे नानाकाका एकटेच मला भेटले. त्यांचं म्हणणं होतं की जिला आपल्या पेटीचं पोट माहीत नाही तिनं मैफलीला जाऊ नये.

पेटीत हवेनं वाजणाऱ्या पितळेच्या पट्ट्या त्यांना पालिताण्याच्या लागायच्या. गुजरातेतलं हे गाव पेटीच्या सुरांसाठी नावाजलेलं आहे. एखादा सूर बोलेनासा झाला तर त्यांनी शिकवलेला क्रम असा. आधी धूळ. पातळ कोरा कागद पट्टीखालून सरकवायचा, पुष्कळदा तेवढ्यानंच सूर मोकळा होतो. तसं झालं नाही तर पट्टी मध्यावर आहे की बाजूला घासते ते उजेडासमोर धरून पाहायचं. सुराला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

सूर उतरला असेल तर पट्टीच्या मोकळ्या टोकाशी अगदी हलकं खरवडायचं. टोक हलकं झालं की ती वेगानं हलते, सूर चढतो. सूर चढलेला असेल तर मुळाशी, रिवेटच्या बाजूला खरवडायचं. तिथे पट्टी लवचीक होते, सूर उतरतो. पट्टीखाली पोलादाची पातळ पाती सरकवून आधार द्यायचा, नाहीतर पट्टी वाकते आणि मग ती कायमची गेली. एका वेळी एकदोनच ओरखडे. पितळ काढता येतं, घालता येत नाही.

जुळवताना कानानं काय शोधायचं तेही त्यांनीच दाखवलं. नर आणि मादी असे दोन सूर एकदम दाबले आणि त्यांत किंचित फरक असला की आवाजात लहर येते, वांववांववांव अशी. खरवडत गेलं की ती लहर संथ होत जाते. पार थांबली की सूर मिळाले. मी पहिल्यांदा ती लहर थांबताना ऐकली तेव्हा मला काही बोलता आलं नाही. काकांनी फक्त भाता पुढे मारत ठेवला, मला ऐकू दिलं.

वर मोतीबागेतल्या काकांनी गरम जॉबचं लिहिलं आहे ते वाचून मला एक जुनं कोडं उलगडलं. नानाकाका पट्टी खरवडल्यावर लगेच सूर तपासू देत नसत. "निवू दे जरा, खरवडून तापली आहे," म्हणायचे आणि सुपारी कातरायला घ्यायचे. मला वाटायचं, ही त्यांची विश्रांती. ते लेथवरचं ज्ञान होतं हे आज कळलं.

नागभीडचा चुलतभाऊ

नाना माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो नागपूरला नोकरीला गेला तरी हिवाळा त्याचा आमचाच. दिवाळी झाली की आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, मंडई म्हणजे जत्रा सुरू होते आणि नाटकं लागतात. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाटक मंडळ्यांची ठाणी, तारखा तिथे ठरतात. गावोगावी धान निघालेल्या बांधीत शामियाना पडतो. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो उजाडेस्तोवर. लोक घोंगडी, चादरी घेऊन येतात, पाहुणे येतात, सोयरिकी तिथेच ठरतात. आमच्याकडच्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांनी विचारलं की हे झाडीपट्टीचं नाटक काय असते.

नाना पेटीमास्तर. शनिवारी कारखाना सुटला की इतवारी स्टेशनावरून छोटी गाडी धरायचा, उमरेड, भिवापूर करत नागभीडला उतरायचा. तिथून पुढे ज्याची सायकल मिळेल त्याच्या मागं. रात्रभर वाजवून सकाळची गाडी. झोप तो गाडीतच घेत होता, गार्ड त्याला इतवारीला उठवायचा.

मी नट होतो, गाणारा. नानाची खरी करामत नटाशिवाय कोणाला कळत नव्हती. पहाटे तीनच्या पुढे थंडीनं गळा बसतो. वरची जागा लागत नाही, आणि समोर हजारो माणसं. नाना माझ्या तोंडाकडे पाहात वाजवायचा, पेटीकडे त्याची नजर नसायचीच. मी गाण्याआधीचं वाक्य बोललो की आवाजावरून त्याला समजे, आणि पुढचं गाणं तो अर्धी पट्टी खाली उतरवून धरे. मला सांगायचा नाही. मी आपला मोकळा गात सुटायचो आणि वाटायचं, आज गळा काय लागला आहे! पुष्कळ वर्षांनी त्यानं सांगितलं. पोरांना पेटी शिकवताना तो हेच सांगे की नटाचा गळा पाहा, घामेजलेला आहे की आखडलेला, मग ठरव.

दव पडते ना आमच्याकडे, त्याची पण युक्ती त्याची. दोन अंकांच्या मधात पेटी उघडी ठेवायची नाही, घोंगडीत गुंडाळून दिव्याच्या उबेजवळ ठेवायची. पट्ट्यांवर ओल धरली की सूर दबते. आमच्या इथला आजचा पेटीमास्तर अजून तसंच करते. त्यानं नानाले पाहिलंसुद्धा नाही, त्याच्या गुरूनं पाहिलं होतं.

कोपऱ्यावरचा किराणावाला

माझा तराजू नाना दर दिवाळीआधी तपासून द्यायचे. गिऱ्हाईक उभं असताना तपासायचे, त्याच्यासमोर. म्हणायचे, लपून तपासला तर उपयोग काय? काटे गेले, आता इलेक्ट्रॉनिक आहे, तरी मी दिवाळीआधी गिऱ्हाईकासमोर किलोचं वजन ठेवून दाखवतो.

नातू

मी इंजिनिअरिंगला आहे. आबा मला आणि गल्लीतल्या पोरांना मोतीबागच्या नॅरो गेज संग्रहालयात घेऊन जायचे. ते 2002 साली सुरू झालं, आबांच्या कारखान्याच्या भागातच. तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे आबा खिशातून मोजपट्टी काढून द्यायचे. "धर. रुळांच्या मधलं माप घे." अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मग घरी येताना ब्रॉडगेजचा आकडा विचारायचे, 1676. मग खरा प्रश्न: अडीच फुटांवर गाडी का चालवली असेल? आम्ही काहीही सांगायचो. ते उत्तर द्यायचे नाहीत, रुळाच्या वळणाकडे बोट दाखवायचे. अरुंद रूळ असले की वळणं तीव्र घेता येतात, सातपुड्यासारख्या डोंगरातून कमी खोदून जाता येतं, पूल लहान, खर्च कमी. हे आम्हीच बोलत बोलत शोधून काढायचो.

नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन 2015 मध्ये बंद झाली आणि नागभीडची 2019 मध्ये, मोठ्या लाइनसाठी. मला वाटलं होतं आबांना फार वाईट वाटेल. त्यांनी मला सांगितलं की उमरेड-भिवापूरच्या माणसाला नागपूरला लवकर पोचायला मिळत असेल तर गाडी मोठीच पाहिजे. पण मला घेऊन एक शेवटचा प्रवास त्यांनी केला आणि प्रत्येक स्टेशनवर उतरून डबे जोडणारं कप्लिंग दाखवलं. एका डब्याच्या पिनेला हात लावून म्हणाले, ही माझी असेल. कशावरून? कडेला नखाएवढा उतार दिला होता. तो उतार दिला की पिन भोकात आपोआप वाट शोधते, हातोडी मारावी लागत नाही. मी आज वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येक पिनेला तो उतार देतो.

समोरच्या घरातली, नर्स

हे लिहायला मला थोडा वेळ लागला. नानांनी एकदा मला गॅलरीतून हाक मारून विचारलं होतं, नेत्रदानाला चष्मा चालतो का? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं चालतं का? मी म्हटलं, दोन्ही चालतं, मधुमेहसुद्धा चालतो. बुबुळाचा पारदर्शक पडदा चांगला असला की झालं. पुढे त्यांनी बारकाईनं विचारलं, नंतर काय करायचं, कोणी करायचं. मी सांगितलं. सहा तासांच्या आत पथक आलं पाहिजे. तोवर पंखा बंद, डोळे मिटलेले, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी, म्हणजे डोळ्यांतून रक्त येत नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा विद्रूप होत नाही.

मला वाटलं, फॉर्म भरून मोकळे होतील. त्यांनी काय केलं, तर जेवायच्या टेबलावर घरातल्या सगळ्यांना बसवून हे पाठ करून घेतलं. माईंना, मुलांना, सुनांना. फोन नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. स्वतः आडवे पडले आणि नातवाला म्हणाले, ठेव उशी. सून रागावली, अभद्र बोलू नका म्हणाली. ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही रडत असाल, डोकं चालणार नाही. हातांना ठाऊक पाहिजे."

ती पहाट आली तेव्हा मला हाक मारायला धाकटा आला. मी पोचले तेव्हा पंखा बंद होता. उशी होती. माई कापूस ओला करून ठेवत होत्या, त्यांचे हात कापत नव्हते. फोन झालेला होता. मी नोकरीत इतकी वर्षं काढली, असं घर मी पाहिलेलं नाही. त्यानंतर आमच्या गल्लीत पुष्कळ घरांनी फॉर्म भरले आणि मी प्रत्येक घरात जाऊन तसंच पाठ करून घेतलं, उशी ठेवण्यापासून.

काटोलकडचा व्याही

नानांनी मला शिकवलं नाही, मी त्यांना शिकवलं, म्हणून लिहावं की नाही असं झालं होतं. माझी संत्र्याची बाग. लेकीच्या लग्नानंतर पहिल्याच भेटीत ते म्हणाले, डोळा कसा भरता, म्हणजे कलम कसं करता, ते दाखवा. जंबेरीचं (कलमाच्या खुंटाचं लिंबू) रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीवर उलट्या किंवा सुलट्या टी अक्षरासारखा काप द्यायचा, चांगल्या झाडाचा डोळा आत सरकवायचा, पट्टीनं बांधायचा, डोळ्याचं तोंड मोकळं. मी नेहमी सांगतो ते त्यांनाही सांगितलं की डोळा जमिनीपासून चांगला वीतभरापेक्षा वर भरा, ओली माती लागली की डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो आणि झाड जातं. त्यांनी माझा चाकू पाहिला, बोटावर फिरवला आणि घेऊन गेले. पुढच्या खेपेला त्याला अशी धार लावून आणली की काप दिलेली साल फाटतच नाही. डोळे लागण्याचं प्रमाण माझ्या मजुरांच्याही लक्षात आलं. त्या चाकूला धार लावायची वेळ आली आहे. कारखान्यातल्या कोणाला त्यांची रीत येत असेल तर कळवा, मी चाकू घेऊन येतो.

मोतीबागेतला जोडीदार

व्याहीबुवा, येते. घेऊन या. तेलाचा बारीक दगड लागते, तो नानाचा माझ्याजवळच आहे.

गल्लीतला, नववीत

मी नानाआजोबांसोबत तीन वर्षं बडग्या केला. ह्या वर्षी आम्ही पोरंच करणार आहोत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत आमचा बडग्या असतोच, काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीतल्या दोन मोठ्या मूर्ती) इतवारीत भेटतात तेव्हा आम्ही जवळ असतो. यंदाचा विषय रस्त्यावरचे खड्डे. बांबूच्या कामट्या बांधता येतात, गवत भरता येतं. चेहरा कागदाचा करायचा आहे. खळ नानाआजोबाच घरून करून आणायचे. पावसाळ्यात आमची खळ दोन दिवसांत आंबते, वास येतो आणि कागद सुटतात. यूट्यूबवर मोरचूद घाला असं सांगतात. नानाआजोबा किती घालायचे, कोणाला माहीत आहे का?

पुस्तकबांधणीवाला मित्र

बेटा, खळ नाना माझ्याकडून शिकला. मी मोरचूदच घालतो, पुस्तकाला कीड लागत नाही. तो पण आधी तेच घालायचा. मग एका वर्षी म्हणाला, बडग्या शेवटी जाळतात, पोट्टे धुराच्या तोंडाशी नाचतात, हे विष त्यांच्या नाकात कशाला? तेव्हापासून त्यानं तुरटी धरली. वाटीभर मैदा, चार-पाच वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात गुठळी मोडून घे, मग मंद आचेवर सारखं ढवळत राहा. पारदर्शक होऊ लागली की तुरटीची पूड चमचाभर. निवल्यावर वापर. लागेल तेवढीच कर, रोज नवीन. चेहऱ्याला कागदाचे चार थर झाले की एक दिवस वाळू दे, मग पुढचे चार. सगळे थर एकाच दिवशी लावले तर आतून ओला राहतो आणि नाक बसते.

रविवारी सकाळी दुकानात ये. दोघा-तिघांना घेऊन ये, आणि घरून जुनं पातेलं आण.